पाहुणीची पांधन

प्रतिक्षा नंदेश्वरने आजवर जेवढे अर्ज केले, त्यांतले बहुतेक मी तपासून दिले आहेत. वसतिगृहाचा, डेहराडूनच्या प्रवेश परीक्षेचा, पीएच.डी.च्या नोंदणीचा, तीन वेळा नोकरीचा. एकही अर्ज त्रुटी काढून परत आला नाही. हे मोठेपणासाठी सांगत नाही. पुढे जे झालं ते समजायला हे आधी माहीत असलेलं बरं.

मी बी.कॉम. आहे आणि तेहतीस वर्षं भंडाऱ्याच्या एका सरकारी कार्यालयात आहे. सध्या मुख्य लिपिक. येत्या मार्चमध्ये निवृत्त होईन. प्रतिक्षाचे वडील चिंधूभाऊ चिखल्याच्या मँगनीज खाणीत जमिनीखाली काम करायचे. निवृत्तीनंतर त्यांनी भंडाऱ्यात आमच्या शेजारी दोन खोल्यांचं घर बांधलं. राहायला आले त्याच आठवड्यात ते मुलीला घेऊन माझ्या ओसरीवर आले. ती तेव्हा नववीत होती.

"बाबूजी," चिंधूभाऊ म्हणाले, "हे पोरगी वटवाघुळं मोजते. याचा काही कोर्स असते का?"

चिखल्याच्या कामगार वसाहतीमागे एका बंद पडलेल्या जुन्या खाणीचं तोंड होतं. दिवस मावळायला त्यातून वटवाघळं निघायची. प्रतिक्षा रोज दगडावर बसून ती पाहायची आणि वहीत लिहायची. वही मी चाळली. तीन वर्षांच्या नोंदी होत्या. तारीख, पहिलं वटवाघूळ निघाल्याची वेळ, आभाळ कसं होतं, कोणत्या बाजूला गेली. पट्टीने आखलेले रकाने, कुठे खाडाखोड नाही. आमच्या कार्यालयात एवढी नीट नोंदवही मी पाहिलेली नव्हती. फक्त शेवटचा रकाना पहिल्या पानापासून शेवटपर्यंत कोरा होता. वर मथळा होता : 'कुठे गेली?'

"हा काहून रिकामा ठेवला?" मी विचारलं.

"दिसत नाही ना काका. रोंज्याच्या झाडापर्यंत दिसते. मंग अंधार होते."

तो रकाना भरण्यात तिची पुढची वीस वर्षं गेली असं म्हटलं तरी चालेल. भंडाऱ्याच्या कॉलेजात बी.एस्सी. झाली. नातेवाइकांनी बी.एड. सुचवलं, तिने डेहराडूनची परीक्षा दिली. तिथे वन्यजीवांवर एम.एस्सी. केली. मग मध्य प्रदेशातल्या जंगलात रानगव्यांवर पीएच.डी. गव्याच्या गळ्यात पट्टा, पट्ट्यात यंत्र, आणि ही टेकडीवर उभी राहून हातातली जाळी फिरवत टिकटिक कोणत्या दिशेने येते ते ऐकणार. तिची आई पार्वताबाई माझ्या बायकोला सांगायची, "लोकायच्या पोरी कॉम्प्युटरवर बसते. आमची टीव्हीचा अँटेना धरून डोंगरावर उभी रायते."

तिचं काम नेमकं काय, हे मी एकदा विचारलं होतं. ती म्हणाली, "जनावर कुठं जाते, केव्हा जाते अन् काहून जाते. एवढंच." मग म्हणाली, "कुठं जाऊ शकत नाही, हेही."

नोकऱ्या मिळाल्या त्या सगळ्या कंत्राटी. प्रकल्प सहायक, प्रकल्प जीवशास्त्रज्ञ अशी पदनामं. दोन वर्षांचा प्रकल्प, मग दुसरं राज्य, दुसरं जनावर. कायम कुठेच नाही. बत्तिसाव्या वर्षी तिला आपल्याच जिल्ह्यातला प्रकल्प मिळाला तेव्हा चिंधूभाऊंनी गल्लीत पेढे वाटले. दोन जंगलांच्या मधल्या धानाच्या पट्ट्यातून वाघ कसे ये-जा करतात, हे पाहायचं होतं. तिने लाखांदूरला खोली घेतली, जुनी मोटरसायकल घेतली आणि कामाला लागली.

कोसमपार हे त्या पट्ट्यातलं शेवटचं गाव. पुढे जंगल. तिथले तुलाराम हे गावाची ढोरं चारणारे गायकी, वय साठीच्या पुढे. प्रतिक्षाने त्यांना माग काढायला सोबत घेतलं. तुलाराम वाघाचं नाव तोंडातून काढत नाहीत. जंगलात तर नाहीच, घरी जेवतानाही नाही. नाव घेतलं की तो येतो, असं त्यांच्या बापाने सांगितलेलं. नर असेल तर 'पाहुणा', मादी असेल तर 'पाहुणी'.

यावरून एकदा गंमत झाली. प्रतिक्षाचा मोबाइल लागेना म्हणून तुलारामांनी भंडाऱ्याला फोन केला. तो पार्वताबाईंनी उचलला.

"बाई, मॅडमले सांगजा जी. पाहुणे येऊन गेले. दोघं व्हते. चांगले धट्टेकट्टे हायत. उद्या सकारी पुन्हा येतीन."

पार्वताबाई दोन वर्षांपासून मुलीसाठी स्थळं पाहत होत्या. त्यांनी घर झाडलं, पोहे आणून ठेवले, शेजारून चार चांगले कप मागून नेले. ते कप आमचे होते. दुसऱ्या दिवशी प्रतिक्षा चिखलाने भरलेले बूट घेऊन आली आणि पावलांच्या ठशांचे फोटो दाखवू लागली. पार्वताबाईंनी कप धुऊन परत आणून दिले. म्हणाल्या, "घ्या. आमच्या घरी चार पायाचेच पाहुणे येते."

त्या हिवाळ्यात डॉक्टरांच्या पथकाने एका वाघिणीला बेशुद्ध करून तिच्या गळ्यात पट्टा घातला. पट्टा दर तीन तासांनी ती कुठे आहे ते कळवायचा. अकरा महिन्यांनी एका रविवारी प्रतिक्षाने तो सगळा नकाशा माझ्या ओसरीवर लॅपटॉपवर उघडला. ठिपके आणि ठिपक्यांना जोडणाऱ्या रेघा. वरच्या जंगलात रेघांचं जाळं, खालच्या जंगलात तसंच दुसरं जाळं, आणि मध्ये पोत्याचं तोंड सुतळीने आवळावं तशा सगळ्या रेघा एका जागी गोळा झालेल्या.

"हे काय?" मी विचारलं.

"कोसमपारची पांधन."

पांधन म्हणजे शेतांमधून जाणारी जुनी बैलगाडीची वाट. दोन्ही बाजूंना धानाच्या उघड्या बांध्या, लपायला काही नाही. फक्त या पांधनीच्या कडेने पळस, मोह आणि झुडपांची दाट रांग होती. ढोरं त्याच वाटेने जंगलात जायची. अकरा महिन्यांत वाघीण तेवीस वेळा इकडून तिकडे गेली होती, त्यांतल्या एकवीस वेळा याच वाटेने. तुलाराम तिला 'पाहुणीची पांधन' म्हणत.

आणि तिथेच पांधनीला आडवा नवा कालवा गेला होता. खोदून झालेला होता, त्या वर्षी आतून सिमेंटचं अस्तर लागलं. कोरड्या कालव्यातून वाघीण ये-जा करत होती. पुढच्या खरिपात पाणी सुटणार होतं.

"वाघाले पवता येते ना पण?" मी म्हणालो.

"पवते, लय चांगली पवते. चढता येत नाही काका. अस्तर ओलं झालं का त्याच्यावर नख रुतत नाही. आतमध्ये उतरली का पाणी घेऊन जाते. पुढं चार किलोमीटरपर्यंत बाहेर निघायले जागाच नाही. अन् मंग सायफन हाय."

सायफन म्हणजे कालवा जिथे नाल्याच्या खालून बोगद्यातून जातो ती जागा. तिच्या तोंडाशी लोखंडी जाळी असते.

तिची मागणी मोठी नव्हती. पांधनीच्या जागी माती आणि गवत टाकलेला रुंद पूल. तो होईपर्यंत दोन्ही भिंतींवर थोड्या थोड्या अंतराने खडबडीत उतार, म्हणजे पडलेलं जनावर वर येईल. पाणी सुटायला आठ महिने होते. एवढं झालं तर वाघीण वाचणार होती, नाही तर नाही. प्रतिक्षाने ते इतक्याच साध्या शब्दांत सांगितलं.

अर्ज आमच्याच कार्यालयात द्यायचा होता. तो तिने स्वतः मराठीत लिहिला होता. मजकूर चोख होता. विषयाची ओळ अशी होती : 'वन्यप्राण्यांच्या भ्रमणमार्गावर कालव्याच्या ठिकाणी ओलांडमार्ग उभारण्याबाबत.'

मी पेन काढलं.

"भ्रमणमार्ग कोणाले समजन? आमच्या शिपायापासून साहेबापर्यंत हा शब्द कोणी वापरला नसन. लोकं काय म्हणते त्या जागेले?"

"पांधन."

"मंग पांधन लिही. लोकायचा शब्द टाकला का कागद लवकर सरकते."

"पण वन्यप्राणी शब्द विषयात पाहिजे ना काका?"

"मजकुरात हाय ना तो. विषय आखूड पाहिजे."

मी माझ्या हाताने लिहिलं : 'विषय : मौजा कोसमपार येथील पांधनीवर सोय करून मिळणेबाबत.' तिने दोनदा वाचलं. म्हणाली, "तुमचा अर्ज कधी परत येत नाही." आणि सही केली.

आता आमच्या कार्यालयातली एक गोष्ट सांगायला हवी. आवक विभागाच्या भिंतीवर एक यादी आहे. कोणत्या विषयाचा कागद कोणत्या टेबलावर जाईल याची. पूर्वी कागद भटकायचे, म्हणून २००९ साली मी ती टाइप करून, प्लास्टिकमध्ये बंद करून लावली. नव्या माणसालाही पहिल्या दिवसापासून काम करता येतं. तिच्यात तिसरी नोंद आहे : 'पांधन, शिवरस्ता, वहिवाट – टेबल तीन.' टेबल तीन म्हणजे शेतरस्ते. आवक लिपिक परसरामने विषय वाचला, यादी पाहिली आणि कागद तीनवर पाठवला. त्याची काहीच चूक नाही. मी त्याच्या जागी असतो तर तेच केलं असतं.

महिन्याभराने मी परसरामला विचारलं, "कोसमपारचा कागद सरकला का?"

"सरकून काय राहिला बडे बाबू, धावून राहिला. गावावरून ठराव आला, मोजणी झाली, वरतं गेला."

मी संध्याकाळी प्रतिक्षाला सांगितलं. ती हसली. म्हणाली, "पहिल्यांदा कोणी माझं आयकून राहिलं." मोजणी कशाची झाली, हे मी विचारलं नाही. आपला शब्द चालला याचं मला समाधान होतं.

एप्रिलमध्ये ती तीन आठवड्यांसाठी कर्नाटकात एका प्रशिक्षणाला गेली. परत आली आणि थेट कोसमपारला गेली. मला फोन दुपारी आला. मी डबा खात होतो.

"काका, मले शाल दिली."

"कोणी?"

"सरपंचानं. शाल अन् नारळ."

मी अभिनंदन म्हणणार होतो, पण तिच्या आवाजात तसं काही नव्हतं.

जेसीबी येऊन गेला होता. पांधनीच्या दोन्ही कडांची झुडपं साफ झाली होती. पळस गेले होते, मोहाची दोन मोठी झाडं तेवढी राहिली होती. गावापासून कालव्याच्या काठापर्यंत लाल मुरमाचा, दबाई केलेला, सरळ रस्ता झाला होता, आणि काठावर संपला होता. मंजुरीच्या आदेशाची प्रत मी नंतर काढून वाचली. शेवटचा परिच्छेद असा : 'कालव्यावरील बांधकाम सदर योजनेत बसत नसल्याने वगळण्यात येत आहे.' तिने जे मागितलं होतं ते सोडून सगळं झालं होतं.

गाव मात्र खूश होतं. पंधरा वर्षांपासून त्यांना ती पांधन पक्की करून हवी होती. पावसाळ्यात बैलगाडी फसायची, धानाचे भारे डोक्यावर आणावे लागायचे. सरपंच सेवकराम यांनी शाळेच्या पटांगणात चार खुर्च्या टाकून छोटा कार्यक्रम केला. म्हणाले, "आम्ही इतके अर्ज केले, काही झालं नाही. मॅडमनं एकच अर्ज केला अन् पांधन आणली." बायांनी टाळ्या वाजवल्या. एका म्हातारीने तिच्या गालावरून हात फिरवला.

रविवारी ती घरी आली तेव्हा शाल प्लास्टिकच्या पिशवीतच होती.

"वाघ रस्त्यानं चालते काका. आपल्यासारखंच. काट्याकुट्यातून कायले जाईन, साफ वाट असली तर? आता ते सरळ कालव्यापर्यंत येईन." मग म्हणाली, "अन् मी तक्रार कोणाजवळ करू? त्या बायायजवळ? का तुमचा रस्ता चुकीनं झाला?"

"चूक माझ्या विषयाची हाय," मी म्हणालो.

"तुम्ही चांगलंच करायले गेले होते."

तिने हे समजुतीच्या सुरात म्हटलं. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं.

दुसरा अर्ज तिच्या शब्दांत गेला. तो मी आवकमध्ये दिला नाही, स्वतः कालव्याची कामं पाहणाऱ्या पाच नंबरच्या टेबलावर ठेवला आणि तिथून साहेबांकडे नेला. साहेब वाईट नाहीत. त्यांनी नकाशा नीट पाहिला, प्रश्न विचारले. प्रस्ताव योग्य आहे म्हणाले. पण संयुक्त पाहणी, संकल्पचित्र, तांत्रिक मान्यता. काम लवकरात लवकर पुढच्या उन्हाळ्यात. पाणी तर जुलैच्या शेवटी सोडायचं ठरलं होतं.

"पाणी थांबवा म्हणता येणार नाही मॅडम," ते म्हणाले. "धानाची रोवणी आहे."

"मी ते मागतही नाही सर," प्रतिक्षा म्हणाली.

बाहेर आल्यावर जिन्यात मला म्हणाली, "मावशीची दोन एकर बांधी त्याच कालव्यावर येते. कोणत्या तोंडानं मागू?"

मग जे हाताने करता येईल ते तिने केलं. तुलाराम आणि गावातली पाचसहा माणसं घेऊन पोत्यांत गिट्टी-रेती भरली, ती बांबूच्या ताट्यांवर बांधून कालव्याच्या भिंतीवरून खाली सोडली. दोन्ही बाजूंना चार चार ठिकाणी. रस्त्याच्या टोकाला काटेरी बोराट्या टाकून वाट अडवली. दुसऱ्या दिवशी बोराट्या बाजूला पडलेल्या. रोवणीसाठी ट्रॅक्टर काठापर्यंत जात होते. तिने पुन्हा टाकल्या, पुन्हा निघाल्या. तिसऱ्या वेळी सेवकराम स्वतः आले.

"मॅडम, तुम्हीच रस्ता आणला अन् तुम्हीच बंद करून राहिल्या काय?"

"पाहुणीसाठी हो सरपंचजी."

"पाहुणी आली तर माणसानंच बाजूला सरकाव लागते जी. पण ट्रॅक्टर कसा सरकन?"

ते चेष्टेने बोलले नव्हते. दोन घटका तिच्यासोबत काठावर उभे राहिले आणि मग त्यांनीच एक फळी रंगवून आणली : 'सावधान, वन्यप्राणी.' तुलाराम फळी पाहून म्हणाले, "तिले वाचता येते का जी?" तेवढ्यापुरते सगळे हसले.

पाणी सुटलं. दुसऱ्याच दिवशी आठपैकी सहा ताट्या वाहून गेल्या. उरलेल्या दोन तिसऱ्या दिवशी गेल्या.

वाघीण तेव्हा वरच्या जंगलात होती. प्रतिक्षा रोज सकाळी उठून आधी तिचा ठिपका पाहायची आणि मला दोन शब्दांचा निरोप पाठवायची : 'वरतीच आहे.' सतरा दिवस तोच निरोप आला. अठराव्या दिवशी सकाळी आठला आला : 'निघाली वाटते.'

नऊ चाळीसला फोन वाजला. ती मोटरसायकल चालवता चालवता बोलत होती, वारा ऐकू येत होता.

"काका, तुलारामदादाचा फोन आला. पाहुणी पाण्यात हाय. गेट बंद करायले सांगा."

कालव्यात पाणी सोडायचं गेट तिथून वर बावीस किलोमीटरवर. गेटवरच्या माणसाला मी फोन केला. तो म्हणाला, "बडे बाबू, तुमचं आयकतो, पण लेखी पाहिजे. मागं एकानं तोंडी आयकून बंद केलं तर त्याची चौकशी लागली." त्याचंही बरोबर होतं. मीच कितीतरी वेळा लोकांना लेखी आणा म्हणून परत पाठवलेलं आहे. मी हाताने आदेश लिहिला. आवक नाही, जावक नाही, क्रमांक नाही. साहेब बैठकीत होते. तेहतीस वर्षांत पहिल्यांदा मी चिठ्ठी न पाठवता दार उघडून आत गेलो. त्यांनी माझं तोंड पाहिलं, कागद वाचला आणि उभ्या उभ्या सही केली. मी फोटो काढून गेटवर पाठवला. दहा वाजून बावीस मिनिटांनी गेट खाली गेलं.

मला वाटलं, झालं. मी प्रतिक्षाला फोन केला.

"गेट बंद झालं."

"हो," ती धापा टाकत म्हणाली. "पण पाणी हाय ना काका. बावीस किलोमीटर भरून हाय. ते तर येतच राहीन."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माझ्या दृष्टीने आदेश निघाला म्हणजे काम झालं होतं.

पुढचं तिने नंतर सांगितलं. वाघीण भिंतीकडे यायची, पुढचे पंजे वर टाकायची आणि घसरून परत पाण्यात जायची. प्रत्येक वेळी थोडी पुढे वाहत जायची. प्रतिक्षा आणि तुलाराम काठाने सोबत चालत होते. रोवणीची माणसं बांध्या सोडून आली होती. कोणी ओरडत नव्हतं. सेवकरामांनी घरून बाज आणवली, चारही पायांना दोर बांधून ती पाण्यात सोडली. विहिरीत पडलेल्या बिबट्याला तसं काढतात. पण विहिरीचं पाणी थांबलेलं असतं. बाज प्रवाहात आडवी झाली. एकदा वाघिणीचा एक पंजा बाजेवर पडला. बारा माणसांनी दोर ओढला. बाज वर आली, वाघीण नाही आली. मग पुढे सायफन होता. वन विभागाचं पथक जाळी घेऊन दुसऱ्या टोकाहून निघालं होतं. ते पोचलं तेव्हा करण्यासारखं काही राहिलं नव्हतं.

मी साहेबांसोबत जीपने तीनला पोचलो. पाणी तोवर कंबरेइतकं उतरलं होतं. वाघिणीला काठावर ताडपत्रीवर ठेवलं होतं. अंगावरचं पाणी वाळून केस ताठ झाले होते. गळ्यात पट्टा होता. प्रतिक्षा बाजूला जमिनीवर बसून वहीत लिहीत होती. वेळ, जागा, पाण्याची खोली. पट्टीने रकाने आखलेले होते. मी जाऊन उभा राहिलो. तिने वर पाहिलं आणि परत लिहायला लागली.

पंचनाम्याला तुलाराम पंच होते. लिहिणारा कर्मचारी नवीन होता, बाहेरच्या जिल्ह्यातला.

"काय पाहिलं तुम्ही, सांगा."

"ढोरं घेऊन आलो तं पाहुणी पाण्यात व्हती जी."

"पाहुणी? कोण पाहुणी? बाई पडली होती का पाण्यात?"

"नाई जी. पाहुणी."

"आजोबा, असं लिहिता येत नाही. प्राण्याचं नाव सांगा."

कर्मचाऱ्याने पेन उचलून धरलं होतं. तो उद्धट नव्हता, त्याला फक्त कागद पुरा करायचा होता. तुलारामांनी प्रतिक्षाकडे पाहिलं. मग त्यांनी डोक्याचा दुपट्टा काढून हातात घेतला.

"वाघीन," ते म्हणाले. "लिवा. आता नाव घेतल्यानं काई येत नाई ते."

त्यांनी अंगठा दिला आणि ढोरं घेऊन निघून गेले.

पट्टा काढून, मोहोर लावून एका कपाटात ठेवला. त्याची बॅटरी कोणी काढली नव्हती. पुढे दोन महिने लॅपटॉपवर दर तीन तासांनी ठिपका येत राहिला. एकाच जागी. प्रतिक्षा तो पुसू शकत होती, पण तिने पुसला नाही. म्हणाली, नोंद आहे, राहू द्यावी. संस्थेने कळवलं की अभ्यासाचं जनावर राहिलं नाही, त्यामुळे प्रकल्प डिसेंबरअखेर संपवण्यात येत आहे. अहवालाची त्यांनी प्रशंसा केली होती. आसाममधल्या एका प्रकल्पासाठी तिचं नाव सुचवलं आहे. तिथे हत्ती आहेत. पार्वताबाईंनी ते ऐकून काही विनोद केला नाही.

मी भिंतीवरची यादी काढून नवी टाइप केली. 'भ्रमणमार्ग – टेबल पाच' अशी ओळ घातली. परसराम म्हणाला, "बडे बाबू, या शब्दाचा कागद वर्षातून एक तरी येईन का?" मी म्हणालो, राहू दे.

धान कापून झालं तेव्हा तुलारामांचा फोन आला. मुरमाच्या रस्त्यावर ओल होती आणि ओलीवर ठसे उमटले होते. मोठे, नराचे. गावाकडून सरळ कालव्याच्या काठापर्यंत गेलेले. तिथे तो बराच वेळ बसला असावा, गवत दबलेलं होतं. मग त्याच वाटेने परत गेला. कालव्यात पाणी सुरू आहे. उन्हाळी धानासाठी ते आता मेपर्यंत राहील.

"पाहुणा आला हाय जी मॅडम," ते म्हणाले. तोच जुना शब्द.

काल संध्याकाळी प्रतिक्षा ओसरीवर आली. तिचं सामान बांधून झालं आहे, पंधरा तारखेचं तिकीट आहे. हातात तिसरा अर्ज होता. मजकूर तोच, फक्त ओलांडण्यांचा आकडा वाढलेला आणि शेवटी वाघीण गेली ती तारीख. विषयापुढची जागा कोरी होती.

"काका, विषयात काय लिहू?"

मी पेन काढलं. 'विषय' या शब्दावर टोक ठेवून बराच वेळ बसलो. आतून बायकोने चहा झाला म्हणून हाक मारली, ती ऐकू आली. मला एकही ओळ सुचली नाही, जिच्यामुळे कागद योग्य टेबलावर जाईल आणि तिथून पुढच्या पावसाळ्याच्या आत परत येईल.

"तूच लिही," मी म्हणालो.

"पहिल्या वेळेसही मीच लिहिलं होतं ना काका," ती म्हणाली. टोमणा नव्हता. तिने माझ्या हातातून पेन घेतलं आणि चहा निवेपर्यंत तीही तशीच बसून राहिली.